यूएलए कुठं मिळंल?

कोल्हापुरात एखादी वस्तू बाहेरून येत नसेल तर ती इथंच करून बघायची, ही रीत जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी विलायती सिने-कॅमेऱ्याची वाट न बघता तो स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव मध्येच गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. त्या कॅमेऱ्याचा मानस्तंभ आज खरी कॉर्नरला उभा आहे. पुढं दुसऱ्या महायुद्धात विलायतेहून ऑइल इंजिनं येईनाशी झाली, आणि शेतीच्या पंपांना लागणारी इंजिनं इथल्या मेस्त्र्यांनी ओतायला घेतली. मूळ इंजिन खोलायचं, एकेक भाग व्हर्नियरनं मोजायचा, लाकडाचा पॅटर्न, म्हणजे नमुना, करायचा, वाळूत साचा घालायचा आणि भट्टीतलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. शिवाजी उद्यमनगर अशाच कामातून वाढलं. माझे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तिथंच लेथवर उभे राहून म्हातारे झाले.

म्हणून एक प्रश्न माझ्या मनात फार वर्षं मुक्काम करून आहे. १९८० नंतर जगभर घरगुती कॉम्प्युटरची लाट आली. आपल्याकडं तो बाहेरून येणं नियमांनी जवळजवळ बंद होतं. म्हणजे परिस्थिती इंजिनांच्या वेळेसारखीच होती. हात तेच होते, गल्ल्या त्याच होत्या. मग उद्यमनगरातून, किंवा देशातल्या अशा दुसऱ्या एखाद्या वसाहतीतून, घरगुती कॉम्प्युटर का बाहेर पडला नाही?

आधी आकडे बघू. एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आला. १६ किलोबाइट मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. तेव्हा पौंड सोळा-सतरा रुपयांच्या घरात होता. म्हणजे स्वस्तातला स्पेक्ट्रम दोन हजारांच्या आसपास पडला असता. ही रक्कम थोडी नव्हे, पण स्कूटरच्या मानानं कितीतरी कमी. मंगळवार पेठेतल्या, राजारामपुरीतल्या नोकरदार घरांनी भिशी लावून, फंडातून उचल घेऊन तो घेतला असता, असं मला मनापासून वाटतं. टीव्ही तसाच घेतला होता. पण लंडनमध्ये दुकानाच्या काचेत ठेवलेली ती वस्तू आणि आमच्या पेठा यांच्यामध्ये आयात परवाना होता, कस्टमचं शुल्क होतं आणि त्यामागं एक पूर्ण विचार होता.

तो विचार वाईट हेतूचा नव्हता, हे आधी सांगायला पाहिजे. १९६०-७० च्या काळात भारतात कॉम्प्युटर म्हणजे बहुतेक आयबीएम. या कंपनीची १४०१ मालिकेची यंत्रं इथं भाड्यानं दिली जायची. त्यांतली बरीचशी परदेशात वापरून झालेली आणि डागडुजी केलेली असत. जग पुढच्या पिढीच्या यंत्रांवर गेलं तरी आपण जुन्याचं भाडं परकीय चलनात मोजत होतो. परकीय चलनाची तर कायम टंचाई. परकीय चलनावर नियंत्रण ठेवणारा १९७३ चा फेरा कायदा आला, परकीय भागीदारी ४० टक्क्यांवर आणा असं सांगितलं गेलं. आयबीएमनं ते मानलं नाही आणि १९७८ मध्ये कंपनी देश सोडून गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडं आली. हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी टीडीसी मालिकेची यंत्रं बनवत होतीच. एचसीएल, डीसीएम अशा खासगी कंपन्यांनाही छोट्या यंत्रांचे परवाने मिळाले. स्वतःचं स्वतः करायचं, ही जिद्द त्यात होती. उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला ती परकी वाटूच शकत नाही.

पण या आराखड्यात कॉम्प्युटर कुणासाठी होता? संशोधन संस्थेसाठी, खात्यासाठी, मोठ्या कारखान्यासाठी. एखाद्या शाळकरी पोराला तो आपल्या घरच्या टीव्हीला जोडावासा वाटेल, ही कल्पना दिल्लीतल्या कुठल्याही फाइलमध्ये नव्हती. आयात करायची तर 'प्रत्यक्ष वापरकर्ता' म्हणून कारखान्याची नोंद हवी, गरज पटवून द्यायला हवी, शिफारस हवी. पोराची गरज कोण पटवणार?

तरीही एक स्पेक्ट्रम आमच्या गल्लीत आला. शेजारच्या काकूंचे भाऊ विलायतेत डॉक्टर होते. त्यांनी भाच्यासाठी तो बॅगेतून आणला, आणि यंत्राच्या किमतीला लागेल इतकी ड्युटी विमानतळावर भरली. काळा, चपटा, रबरी बटणांचा. पी दाबलं की अख्खा 'प्रिंट' शब्द उमटायचा, जे दाबलं की 'लोड'. एकेका बटणावर पाच-सहा कामं लिहिलेली. आम्ही पोरं आधी त्याच्याकडं नुसतं बघत बसायचो. लाकडी शटरच्या टीव्हीवर मात्र काहीच दिसेना. स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफ या वरच्या लहरींच्या पट्ट्यातल्या ३६ व्या वाहिनीवर सोडायचा आणि आमचा टीव्ही फक्त व्हीएचएफ हा खालचा पट्टा पकडायचा.

लक्ष्मीपुरीतले टीव्ही दुरुस्त करणारे अण्णा आले. त्यांनी कॉम्प्युटर आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता, पण टीव्ही त्यांना आतून-बाहेरून पाठ होता. स्पेक्ट्रम खोलून त्यांनी, चित्र वाहिनीवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरच्या आधीच चित्राचा सिग्नल काढून घेतला आणि टीव्हीच्या व्हिडिओ भागात थेट घातला. मात्र त्या टीव्हींची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेच्या मेनला जोडलेली असायची. सरळ वायर लावली असती तर यंत्र जळालं असतं आणि हात लावणाऱ्यालाही झटका बसला असता. म्हणून मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका माणसाकडून टीव्हीला मेनपासून अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मुद्दाम गुंडाळून घेतला. आजही मला त्या ट्रान्सफॉर्मरचा अभिमान वाटतो. केंब्रिजमध्ये आखलेलं यंत्र आणि कोल्हापुरात तांब्याच्या तारेचे मोजून घातलेले वेढे, यांच्या जोडीनं आमच्या गल्लीत पहिलं चित्र उमटलं.

पुढचे महिने फार आनंदाचे गेले. टेपरेकॉर्डरमधून प्रोग्रॅम चढताना येणारा तो कर्कश आवाज काकूंना सोसायचा नाही, पण त्यांनी आम्हाला कधी हाकललं नाही. आम्ही बेसिक या प्रोग्रॅमच्या भाषेत पाढे छापले, वर्तुळं काढली, पंचगंगेच्या पुराची पातळी रोज भरून तिचा आलेख काढला. कुणी शिकवत नव्हतं आणि परीक्षा नव्हती. चुकलं तर यंत्र एका ओळीत सांगायचं, मग परत बघायचं. असं शिकणं मला त्याआधी शाळेत भेटलं नव्हतं.

मग मे महिन्यातल्या एका वळवात वीज कडाडली आणि यंत्र गेलं. पडद्यावर नुसते पट्टे.

अण्णांनी हार मानली नाही. मेमरीच्या ४११६ चिपा तपासल्या. त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात, त्यातला एक चुकला की त्या मरतात, हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं. यादी करून दिली. नाना कामासाठी मुंबईला निघाले होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेले आणि लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, मेमरी चिपा घेऊन आले, यंत्राचा मेंदू असलेला झेड-८० प्रोसेसरही घेऊन आले. दोन्ही मिळाल्या, कारण दोन्ही जगभर कशातही वापरल्या जाणाऱ्या चिपा होत्या. कुणाच्या बॅगेतून, कुठल्या खोक्यातून त्या मुंबईत आल्या, हे विचारायची पद्धत नव्हती. पण पट्टे गेले नाहीत. उरली एकच, चाळीस पायांची चिप. यूएलए.

स्पेक्ट्रम स्वस्त होता तो या एका चिपेमुळं. पडदा चितारणं, बटणं वाचणं, टेपशी बोलणं, यासाठी एरवी ढीगभर सुटे भाग लागले असते. सिंक्लेअरनं ते सगळं फेरांटी कंपनीकडून खास करून घेतलेल्या एका चिपेत बसवलं. त्यामुळं किंमत उतरली, आणि त्यामुळंच ती चिप सिंक्लेअरखेरीज कुणाकडं मिळणार नव्हती. लॅमिंग्टन रोडवर नानांनी दुकानामागून दुकान विचारलं होतं, "यूएलए कुठं मिळंल?" कुणी नावही ऐकलं नव्हतं.

नानांनी ती चिप उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये नेली. मी बरोबर होतो. त्यांनी ती भिंगाखाली धरली, सवयीनं व्हर्नियर लावला, लांबी-रुंदी घेतली. मग टेबलावर ठेवून म्हणाले, "ह्याचा पॅटर्न कुठनं काढायचा रं? आत काय हाय त्येच दिसंना."

माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात होतं. इंजिन खोललं की ते आपली गोष्ट स्वतः सांगतं. पिस्टन हातात येतो, बोअर मोजता येतो, झिजलेली बाजू बोटाला कळते. चिपेचं तसं नाही. ती खोलली की संपली. आणि कळलं असतं तरी ती ओतायला भट्टी नव्हती. देशात ती भट्टी एकच म्हणावी अशी होती, मोहालीची सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत आगीत तिथली चिप बनवायची सोय जळून गेली. पुन्हा उभी राहायला बरीच वर्षं लागली. या आगीबद्दल आपल्याकडं किती कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं.

उरलेलं अर्धं उत्तर मला खूप पुढं मिळालं, युगोस्लाव्हियाची हकिगत वाचताना. आता नकाशावर नसलेला तो देश. तिथंही आयातीवर कडक बंधन होतं, ५० जर्मन मार्कांहून महाग वस्तू खासगी माणसाला आणता येत नव्हती. स्पेक्ट्रम त्यात बसत नव्हता, आणि तिथली पोरंही तो लपवून आणत होतीच. १९८३ च्या उन्हाळ्यात व्होया अँटोनिच नावाचा एक इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार सुटीवर असताना एका कल्पनेशी झटत होता. पडदा चितारायला वेगळी महागडी चिप कशाला? झेड-८० प्रोसेसरलाच ते काम लावलं तर? प्रोसेसरचा बराच वेळ चित्र काढण्यात जाईल, वेग कमी होईल, पण यंत्र सुट्या, कुठंही मिळणाऱ्या भागांत होईल. आणि झालं. त्याचं नाव गॅलाक्सिया. चार किलोबाइटच्या रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, बेसिक भाषा बसवली. चूक झाल्यावर सांगायला यंत्राकडं एकेका शब्दाचे तीन संदेश होते, कारण जास्त शब्दांना जागाच नव्हती.

बेलग्रेडच्या गॅलाक्सिया नियतकालिकानं डिसेंबर १९८३ च्या सुमारास घरगुती कॉम्प्युटरवर खास अंक काढला आणि त्यात अख्खं सर्किट छापलं. अंकाचं लेखन पत्रकार देयान रिस्तानोविच यांचं. काही शेकडा लोक यंत्र बांधतील असा त्यांचा अंदाज होता. किटसाठी आठ हजारांहून जास्त मागण्या आल्या. लोकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर सोल्डरिंग केलं. रॉमच्या चिपा भरून द्यायचं काम अँटोनिचनं स्वतः अंगावर घेतलं. बेलग्रेड रेडिओवरच्या व्हेंटिलेटर २०२ या कार्यक्रमात झोरान मोडली प्रोग्रॅमचे कर्कश आवाज चक्क प्रसारित करायचे, आणि श्रोते ते टेपवर धरून आपल्या यंत्रात चढवायचे. आमच्या काकूंनी सोसलेला तोच आवाज तिथं आकाशवाणीवर!

हे वाचल्यापासून मी बंदीकडं वेगळ्या नजरेनं बघतो. बंदी कडक की सैल, एवढंच बघून काही कळत नाही. तिनं दारातून काय आत येऊ दिलं ते बघावं लागतं. युगोस्लाव्हियात तयार यंत्र अडलं, पण ५० मार्कांच्या आतला सुटा भाग येऊ शकत होता. म्हणून तिथं सुट्या भागांचं यंत्र उगवलं. ब्राझीलमध्ये सरकारनं १९८४ मध्ये कायदाच करून कॉम्प्युटरची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखून ठेवली. परदेशी यंत्र अडलं, पण देशी कंपन्यांना चिपा आणता येत होत्या. म्हणून तिथं नकला उगवल्या. मायक्रोडिजिटल कंपनीचा टीके९०एक्स म्हणजे स्पेक्ट्रमचीच नक्कल, १९८५ ची. युनिट्रॉन कंपनीनं तर मॅकिंटॉशची नक्कल केली आणि अमेरिकेशी व्यापाराचं भांडण ओढवलं. तिथल्या पोरांना उशिरा आणि महाग का होईना, घरी यंत्र मिळालं.

आपण तयार यंत्रही अडवलं आणि सुट्या भागाची वाटही सामान्य माणसासाठी ठेवली नाही. लॅमिंग्टन रोड होता, पण तो एखादी मेलेली चिप बदलायला पुरेसा. त्याच्या भरवशावर मासिकात सर्किट छापून हजारो वाचकांना 'बांधा' म्हणून सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात तीच चिप मिळेल का, काय भावानं, कुणाला ठाऊक नसायचं. आपल्याकडं 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' सारखं मासिक १९६९ पासून निघत होतं, ते वाचून अॅम्प्लिफायर आणि ट्रान्झिस्टर बांधणारी माणसं गावोगाव होती. अण्णा त्यांतलेच. हात होते, वाचक होते, ओढ होती. मी फक्त आयातीला दोष देत नाही. आपली मिळकत कमी होती, घराघरांत टीव्हीसुद्धा नव्हता, दिव्याचा भरवसा नव्हता. पण कोल्हापूर-इचलकरंजीच्या पट्ट्यातच अशी शे-दोनशे घरं निघाली असती, आणि एखाद्या गोष्टीचं मूळ धरायला तेवढी पुरतात.

मग आपल्या दारातून आत काय आलं? दोन गोष्टी, आणि दोन्हींनी आपलं पुढचं नशीब ठरवलं.

पहिली गोष्ट १९७२ च्या योजनेची. परदेशी कॉम्प्युटर आणायचा असेल तर ठरावीक वर्षांत त्याच्या दुप्पट किमतीचं सॉफ्टवेअर आणि सेवा निर्यात करण्याची हमी द्या, मग परवानगी. टीसीएसनं १९७४ मध्ये याच वाटेनं बरोज कंपनीचं यंत्र आणलं. म्हणजे कॉम्प्युटर देशात आला तो बाहेरच्या गिऱ्हाइकाचं काम घेऊनच आला. पुढं पुणे-बेंगळुरूला जे उभं राहिलं, ज्यात आमच्या वर्गातली अर्धी मुलं गेली, त्याचं बी इथं आहे. आपण स्वतःच्या वापराचे, स्वतःच्या गमतीचे प्रोग्रॅम लिहिणारा देश झालो नाही. दुसऱ्याचं काम चोख करून देणारा देश झालो. त्या कामानं हजारो घरं वर आली, माझ्या नात्यातलीही. मी त्याला कमी लेखत नाही. पण एखाद्या बारा वर्षांच्या मुलानं घरी बसून लिहिलेला खेळ देशभर विकला जावा, असं जे ब्रिटनमध्ये घडलं, ते आपल्याकडं घडायला जागाच ठेवली गेली नाही, हे मला आजही खुपतं.

दुसरी गोष्ट शाळांची. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं क्लास नावाची योजना आणली आणि सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो ठेवले. ब्रिटनमध्ये हेच यंत्र शाळेबरोबर घराघरांतही होतं. इथं ते फक्त कुलुपातल्या खोलीत आलं. मोहालीच्या त्याच कारखान्यानं परवाना घेऊन त्याची युनिकॉर्न नावाची देशी आवृत्तीही काढली.

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं नवं कॉम्प्युटर धोरण जाहीर केलं. हार्डवेअरवरचं शुल्क १३५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आलं, सुटे भाग आणणं सोपं झालं. दार उघडलं ते पीसीसाठी. आयबीएमचा पीसी बहुतेक बाजारात मिळणाऱ्या चिपांचा होता, त्यात यूएलएसारखी अडवणूक नव्हती. म्हणून तैवानी बोर्ड आणून इथं जोडणाऱ्या कंपन्या पटापट निघाल्या. किंमत मात्र पाच आकडी. तेवढ्यात डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनं १९८६ च्या सुमारास रीतसर परवान्यानं डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला. काही हजार खपला. कोल्हापुरात मी तो एकाच घरी बघितला. पण वेळ टळली होती. आईबाप विचारायचे, "ह्यावर नोकरी मिळंल का?" आणि नोकरी पीसीवर होती.

तोवर कोल्हापुरात कॉम्प्युटर म्हणजे संस्थेची वस्तू, हे पक्कं झालं होतं. १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. गोकुळ शिरगावला केआयटी, कसबा बावड्याला डी. वाय. पाटील. तिथं प्रयोगशाळा आल्या. बँकांत आधी खातेवहीच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशिनं आली. १९८३ च्या कामगार संघटनांबरोबरच्या करारात किती आणि कसली यंत्रं आणायची याची मर्यादा घातलेली होती, त्यामुळं पूर्ण कॉम्प्युटर काउंटरवर यायला आणखी बराच काळ गेला. आणि मग आले खासगी कॉम्प्युटर क्लास. शाहूपुरीत, राजारामपुरीत, स्टेशन रोडला, दुसऱ्या मजल्यावर, बाहेर हिरवा बोर्ड आणि आत एसी. चपला बाहेर काढायच्या. धूळ जाऊ नये म्हणून तो नियम होता, पण आम्ही आत जाताना आवाजही खाली आणायचो. एका यंत्रावर दोघं-तिघं, तासावर फी. वर्डस्टार, लोटस, डीबेस हे प्रोग्रॅम शिकायचे. सव्वापाच इंची, मऊ फ्लॉपीवर आपलं नाव लिहायचं आणि ती वाकू नये म्हणून वहीत घालून न्यायची. लाइट गेले की तास वाया, मग पुढच्या आठवड्यात.

घरच्या यंत्रावर शिकणं आणि तासावर शिकणं, यांत फरक पडतो. तासाला पैसे मोजलेले असताना कुणी पंचगंगेच्या पुराचा आलेख काढत बसत नाही. सर सांगतील ते टाइप करायचं, उत्तर बरोबर आलं की वहीत उतरायचं. आज्ञा पाठ करून परीक्षा देणारी एक पिढी अशी तयार झाली. बिघडवून बघायची मुभा त्यात नव्हती, आणि यंत्राची खरी ओळख बिघडवल्याशिवाय होत नाही. उद्यमनगरातला कुठलाही हेल्पर हे सांगेल.

पण त्याच क्लासची एक गोष्ट मला तितक्याच जोरात सांगायची आहे. तिथं मुली भरपूर असायच्या. काकूंच्या घरातल्या स्पेक्ट्रमपाशी आम्ही सगळे मुलगेच होतो. काकूंची मुलगी दारात उभी राहून बघायची आणि तिला हाक यायची, पोळ्या लाटायला. घरातली वस्तू घराच्या रीतीनं वाटली जाते. क्लासमध्ये मात्र जिनं फी भरली तिचा तास तिचाच. त्या मुलीनं पुढं डीबेस शिकून एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात उसाच्या बिलांचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं. घरगुती कॉम्प्युटरचा काळ आपण हुकवला, याची खंत करताना हे विसरता येत नाही.

दार थोडं उघडल्यावर आपल्या हातांनी काय केलं, त्याचाही दाखला आहे. पीसीच्या खाचेत बसणारं जिस्ट कार्ड आयआयटी कानपूरच्या कामातून सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये पूर्णत्वाला गेलं, आणि इंग्रजी यंत्राच्या पडद्यावर देवनागरी आली. ते परदेशातलं कुणी आपल्यासाठी करणार नव्हतं. यंत्र आत आलं, त्याचं सर्किट माहीत होतं, तर आपल्याला हवं ते आपण केलं. कानपूर-पुण्याच्या प्रयोगशाळेत झालेलं हे काम मला ऑइल इंजिनाच्याच वंशातलं वाटतं.

आणि यूएलएसुद्धा अखेर उघडली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हौशी लोकांनी ती सोलून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढले, एकेक गेट मोजलं आणि तिच्या जागी बसणारी नवी चिप तयार केली. म्हणजे पॅटर्न निघतो. त्याला हत्यार वेगळं लागतं. नाना असते तर त्यांना मी ते फोटो दाखवले असते.

३ ऑगस्ट २०२३ ला विदेश व्यापार महासंचालनालयाची लॅपटॉप आणि टॅब्लेटच्या आयातीवर परवाना लावणारी अधिसूचना आली, तेव्हा मी सगळ्यात आधी सवलतींचा परिच्छेद वाचला. पोस्टानं-कुरिअरनं मागवलेला एक लॅपटॉप शुल्क भरून चालेल, संशोधन आणि चाचणीसाठी एका खेपेला वीसपर्यंत नग चालतील, असं त्यात होतं. पुढं ती बंदी लांबली आणि तिच्या जागी नोंदणी करून परवानगी घेण्याची पद्धत आली. १९९७ मध्ये आपण माहिती तंत्रज्ञान करारावर सही केल्यापासून शुल्कं शून्याकडं गेली होती आणि देशी पीसी कंपन्या एकेक करून मागं पडल्या होत्या, त्यामुळं काहीतरी करावंसं सरकारला वाटणं मी समजू शकतो. मला काळजी त्या परिच्छेदाबाहेर राहणाऱ्या माणसाची आहे.

माझा पुतण्या गोकुळ शिरगावात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या, मशिनांचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो. शिरोलीच्या फाउंड्रीत एखादं मशिन बंद पडलं की जपानी बोर्डावरची एक छोटी आयसी, म्हणजे चिप, अडते, आणि ती कुरिअरनं मागवताना किमतीपेक्षा कागद जास्त होतात. त्याच्याकडं शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांची तर आणखी पंचाईत. पूर्वी परदेशातला नातेवाईक छोटी वस्तू भेट म्हणून पाठवू शकायचा. डिसेंबर २०१९ पासून पोस्टानं येणारी भेट म्हणून शुल्काशिवाय फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी एवढंच सुटतं. दारातून आत येऊ द्यायच्या वस्तूंच्या या यादीत विद्यार्थ्यानं मागवलेला इलेक्ट्रॉनिक्सचा सुटा भाग हवा, ठरावीक रकमेपर्यंत शुल्काशिवाय, असं आम्ही दोघांनी लिहून काढलं आहे. वसाहतीतल्या कारखानदारांच्या पुढच्या बैठकीत ते मांडायचं ठरलंय. रक्कम किती धरायची यावर अजून एकमत नाही. पुतण्या दहा हजारांवर अडून बसलाय. मी म्हणतो पाच पुरेत, पण वर्षातून कितीही वेळा.